आबांचा निळा गाडा

दुष्काळाच्या त्या साली माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, काठी हातात धरायला साफ नकार दिला. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मी भांडून पाहिलं, शेजाऱ्यांनी आपापल्या घरातल्या काठ्या आणून दाखवल्या. आबा भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणाले, "मरंन, पण काठी धरणार न्हाई." माझा स्वभाव मुळातच तिखट. मला वाटलं, ही म्हाताऱ्याची ऐट आहे, आणि मला तिचा भयंकर राग आला.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मी नांदेडच्या आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स केला होता आणि तिथंच बांधकाम खात्यात ट्रेसर म्हणून लागले होते. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारी. नवा जिल्हा झाला तशी माझी बदली लातूरला झाली. जिल्हा झाला खरा, पण आमच्या कचेरीला स्वतःची इमारत नव्हती. एका भाड्याच्या घरात टेबलं मांडून कारभार सुरू होता आणि मागच्या अंगणात उदगीरचे एक मिस्त्री दिवसभर खुर्च्या-कपाटं बनवत असायचे. पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. त्यामुळं माझ्या टेबलावर सगळे नकाशे दुष्काळी कामांचेच, पाझर तलाव, रस्ते, पुन्हा पाझर तलाव. मी कागदावर इतके तलाव काढले, की त्यातला एक जरी भरला असता तरी आमच्या गल्लीची तहान भागली असती.

आई गेल्यावर मी आबांना जळकोटकडच्या आमच्या गावातून लातूरला आणलं. दोन खोल्या, शहाबादी फरशी, आणि शेजारी घरमालकीण. त्यांना मी मावशी म्हणायची. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा गल्लीलाच जास्त होती. आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी जन्मभर रस्त्यावर खडी फोडून मला शिकवलं होतं, आणि आता त्यांची एकच इच्छा होती.

"येकदा तुझी कचेरी बघायची हाय," ते म्हणायचे. "आत जाऊन. तुझ्या टेबलापाशी खुर्चीवर बसून."

"आत जाऊनच बघणार ना आबा, बाहेरून काय दिसतंय," मी हसून म्हणायची. 'आत जाऊन' हे शब्द ते दर वेळी मुद्दाम उच्चारत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. जाऊ पुढच्या शनिवारी, जाऊ साहेब दौऱ्यावर गेले की, असं करत मी ते लांबणीवर टाकलं. आजही त्याचं मला वाईट वाटतं.

मग एका सकाळी गल्लीत टँकर आला. चार दिवसांनी आला होता, त्यामुळं माणसं घागरी घेऊन तुटून पडली. मी आंघोळीला बसले होते. आबा कुणाला न सांगता घागर घेऊन गेले आणि त्या चिखलात, धक्काबुक्कीत खुब्यावर आपटले. नांदेडची मला माहिती होती, म्हणून टेम्पोत गादी टाकून मी त्यांना तिथल्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, खुब्यात सळई बसली. सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हाड जुळेल. पण यांना उठवा, चालवा. दोन महिने असेच पडून राहिले तर मग कायमचेच खाटेवर."

डॉक्टर भला माणूस होता. काठी नको म्हणतात म्हटल्यावर त्यानं ॲल्युमिनियमचा चौपायी वॉकर आणून खाटेपाशी उभा केला. आबांनी त्याच्याकडं एकदा वरून खाली पाहिलं.

"ही तर उभी केलेली तिरडी दिसून राहिली," ते म्हणाले. "हिच्यावर झोपायला अजून टाइम हाय मला."

वॉकर परत गेला. आम्ही लातूरला आलो. आबा खाटेवर आणि मी कचेरीत, असे दिवस सुरू झाले. दुपारी मावशी डोकावून जायच्या. एक दिवस त्या मला समजुतीनं म्हणाल्या, "आता वय झालं त्यांचं. खाटेखाली भांडं ठेव आन सोड तो नाद." वाईट बोलल्या नाहीत त्या, जगाची रीतच सांगितली. पण ज्या माणसानं मला शाळेत पाठवण्यासाठी सगळ्या भावकीशी उभा दावा मांडला, त्याच्या खाटेखाली मी भांडं ठेवू? त्या रात्री मी भाकरी इतकी जोरात थापली की तिला दोनदा भोक पडलं.

त्याच आठवड्यात बाजारात लाकडी खेळणी विकणाऱ्या एका कातारी बाईच्या पथारीवर मला पांगुळगाडा दिसला. लहान लेकरू चालायला शिकताना ढकलतं ना, तो तीन चाकांचा लाकडी गाडा. लाल, पिवळा, हिरवा, लाखेनं चकचकीत केलेला. मी तिथंच उभी राहिले आणि माझा संताप पुन्हा वर आला. लेकरू चालायला लागतं तेव्हा त्याला असा देखणा गाडा आणि म्हाताऱ्याला मात्र दवाखान्याचे पाइप? लेकराला तर रंग अजून धड कळतही नसतो. ज्यानं सत्तर वर्षं डोळे उघडे ठेवून काढली, त्याला ते कळतात, आणि त्यालाच आपण करड्या रंगाची वस्तू देऊन सांगतो, घ्या, आता हेच तुमचं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी खराब झालेल्या ट्रेसिंग कागदाच्या मागं गाडा काढायला बसले. समोरून, बाजूनं, वरून, असे तीनही नकाशे, मापांसकट. माप घ्यायला मी घरी टेप नेला होता. आबा उभे राहू शकत नव्हते, म्हणून झोपल्या जागीच मनगटापासून टाचेपर्यंत मोजलं. आमच्या दाराची रुंदी मोजली, न्हाणीकडं वळतानाचा कोपरा मोजला, उंबऱ्याची उंची मोजली. पांगुळगाड्याला तीन चाकं असतात, मी पुढं दोन छोटी चाकं ठेवली आणि मागं दोन पाय. डाव्या बाजूला तांब्या अडकवायला आकडा दिला, कारण परसाकडं जाताना माणसाला एका हातात तांब्या लागतो, हे ॲल्युमिनियमचे वॉकर बनवणाऱ्यांच्या गावीही नसावं. उजव्या बाजूला पान-तंबाखूच्या चंचीसाठी खण केला. कचेरीतल्या एका कारकुनानं वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कोणत्या तालुक्याचं काम?" मी म्हटलं, "आमच्या घरचं."

मूठ मात्र कागदावर जमेना. आबांची बोटं काहीतरी जन्मभर घट्ट धरून ठेवल्यासारखी आत वळलेली होती. मी समजत होते, घणाच्या दांड्यानं झाली असतील. मी काळी माती पाण्यात कालवून त्याचा लांबट गोळा केला आणि म्हटलं, "आबा, हा दाबून धरा जरा." त्यांनी तो उभा धरला. क्षणभर त्या गोळ्याकडं पाहिलं आणि झटकन हात मागं घेतला.

"काय करून राहिलीस?"

"तुमच्या मुठीचं माप घेतेय."

"उभा दांडा न्हाई पायजे मला," ते म्हणाले. मी गोळा आडवा धरला. तेव्हा त्यांनी मुकाट्यानं तो दाबला. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण मी माझ्या नकाशात रंगून गेले होते.

नकाशा घेऊन मी अंगणातल्या मिस्त्रींकडं गेले. मिस्त्री वीरशैव, कपाळावर भस्म, बोलताना मध्येच कानडी पेरणारे. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "अक्का, मी जिल्ह्यासाठी पन्नास खुर्च्या केल्या, पण असा नकाशा कुणी काढून दिला न्हाई. सागवानाचे तुकडे हायेत माझ्याकडं घरचे, त्यातच करतो." मग विचार करून म्हणाले, "पॉलिश मारतो साधं. म्हाताऱ्या माणसाला रंग कशाला?"

"निळा," मी म्हटलं. "आबांना विचारलंय मी. निळा म्हणाले."

खरं तर आबा एवढंच म्हणाले होते, "करायचाच असंल तर निळा कर. म्हंजी कुणाच्या घरचा हाय ते लांबून दिसंल." आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिची चौकटही निळी होती. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं, निळा.

पहिली चाचणी मी स्वतःवरच घेतली. कचेरीच्या मागच्या फरसबंद अंगणात गाड्यावर भार टाकला आणि तो मला घेऊन सुसाट निघाला. मी जवळजवळ लाकडाच्या ढिगात जाऊन पडले. मिस्त्री तोंडाला पंचा लावून हसत होते. नकाशात सगळं बरोबर होतं, पण फरशी किती गुळगुळीत असते हे नकाशाला काय माहीत. मग मागच्या दोन्ही पायांना जुन्या सायकलच्या टायरचे तुकडे ठोकले आणि पुढच्या चाकांवर जरा घासून बसतील अशा लाकडी पट्ट्या दिल्या. आता गाडा ढकलला तरच जाई. मुठींना मिस्त्रींनी कानशीनं घासून आकार दिला, माझ्या मातीच्या गोळ्याबरहुकूम, बोटांच्या खाचांसकट. उंबऱ्यासाठी उताराची फळी केली. आणि मग त्यांनी निळा रंग चढवला, तीन हात, मध्ये घासून. मी कचेरीत इतकी कपाटं येताना पाहिली, पण एवढी देखणी वस्तू त्या अंगणातून बाहेर पडलेली पाहिली नाही.

न्यायच्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या परस्पर त्यात भर घातली होती. पुढच्या आडव्या दांडीला त्यांनी पितळी घुंगरं बांधली होती, एका ओळीत सात. "लेकराच्या गाड्याला खुळखुळा असतो ना, तसं," ते लाजत म्हणाले. "माझ्याकडून भेट. बाजारात चालतील तेव्हा वाजलं म्हंजी लोक बाजूला होतील." मी गाडा हलवला. घुंगरं छान वाजली. मला ती आवडली, हे मी लपवणार नाही. मी सायकलरिक्षात गाडा टाकून घुंगरं वाजवत घरी आणला.

आबांनी तो दारातून आत येताना आधी ऐकला आणि मग पाहिला. पांघरूण डोक्यावर ओढून ते म्हणाले, "बाहेर ने."

मी तीन आठवडे खपले होते. माझा ताबा सुटला. "आबा, काठी नको, वॉकर नको, तुमच्या मुठीच्या मापाचा, तुमच्या रंगाचा गाडा केला, तोही नको? मग काय, मी तुम्हाला खाटेवर सडताना बघायचं? एवढी कसली ऐट?"

त्यांनी पांघरूण काढलं आणि उशीला टेकून बसले. जे सांगितलं ते त्यांनी माझ्याकडं न बघता, भिंतीकडं बघत सांगितलं.

धम्म घेण्याआधी, माझ्या जन्माच्याही आधी, आबा गावचे येसकर होते. येसकरकी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. गावाच्या वेशीवर राखण करायची, कुणी मेलं तर गावोगाव सांगावा पोचवायचा, पाटलाचे कागद तालुक्याच्या कचेरीत नेऊन द्यायचे. आणि दिवे लागायच्या वेळेला दारोदार फिरून भाकरी मागायची. या सगळ्याला हातात एक काठी लागायची. उंच, डोक्याला घुंगरं बांधलेली.

"घुंगरं कशाला, म्हाईत हाय?" आबांनी विचारलं. "आमी यून राहिलो हे कळावं म्हून. लोकांनी बाजूला व्हावं म्हून." मिस्त्रींनी नेमके हेच शब्द वापरले होते, आणि मी घुंगरं वाजवत घरी आले होते.

"कचेरीत गेलो की काठी पायरीपाशी ठिवायची. आन मीबी तिथंच उभा. कागद आत जायचा, मी न्हाई. कदी कदी दिसभर." ते थांबले. "धम्म घेतला त्या दिशी घरी आलो, काठीचे दोन तुकडे केले आन चुलीत घातले. तुज्या आईनं त्या जाळावर भाकरी केल्या. मागून आणलेल्या न्हाई, घरच्या. मी शपथ घेतली, या घरात पुन्ना कुणी काठी धरणार न्हाई."

आईनं मला यातलं काही कधी सांगितलं नव्हतं. आता मला ती वळलेली बोटं कळली, आणि मातीच्या गोळ्यावरून मागं घेतलेला हातही. त्या शपथेला मी ऐट म्हणाले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग उठले, पक्कड आणली आणि खाली बसून एकेक घुंगरू तारेतून तोडायला लागले. तार पक्की होती, बोट कापलं. सातही घुंगरं ओच्यात घेऊन मी उकिरड्याकडं निघाले.

"टाकू नको," आबा म्हणाले. "पितळ हाय."

"मग काय करू?"

"दाराला बांध, भायेरून." मी ओच्यातली घुंगरं परत फरशीवर ओतली. "मी लोकांच्या दारात जाऊन वाजवत होतो. आता ज्याला मला भेटायचं हाय, त्यानं माज्या दारात वाजवावं."

मी घुंगरं दोरीत ओवून दाराबाहेर टांगली. मावशी आजवर कधी दार वाजवत नव्हत्या, सरळ ढकलून आत यायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा दोरी त्यांच्या खांद्याला लागून खणखणली आणि आतून आबांचा खणखणीत आवाज आला, "कोन हाय?" मावशी उंबऱ्याबाहेरच थबकल्या आणि म्हणाल्या, "मी हाव. येऊ का?" पडल्यापासून आबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग त्यांनी गाडा मागितला. पहिल्या दिवशी खाटेपासून भिंतीपर्यंत गेले आणि घामाघूम होऊन बसले. दुसऱ्या दिवशी न्हाणीशेजारच्या संडासापर्यंत, तांब्या आकड्याला अडकवून, आणि मला बाहेर थांबायला सांगून. तिथून परतले तेव्हा त्यांनी मान ताठ केली होती. माणूस स्वतःच्या पायानं परसाकडं जाऊन येतो, ही किती मोठी गोष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं. पंधरा दिवसांत ते उताराच्या फळीवरून गल्लीत उतरले. टँकरच्या रांगेतली पोरं ओरडली, "आबा, गाडीचं लायसन काढलं का?" आबा म्हणाले, "काढलं. मागं बसायचं का तुला?" कुणीतरी मागून पुटपुटलं, म्हातारपणी निळा रंग सुचला म्हणून. आबांनी ऐकलं आणि गाडा मुद्दाम त्याच्या समोरून, हळूहळू, दोनदा नेला. गल्लीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी मला गुपचूप विचारून गेली, तिला जांभळा मिळेल का. मी तिचंही माप घेतलं.

दोन महिने संपायच्या आत एका शनिवारी आबांनी धोतर नेसलं, इस्त्रीची टोपी घातली आणि म्हणाले, "चल, कचेरीला." या वेळी मी पुढच्या शनिवारचं नाव काढलं नाही.

सायकलरिक्षातून आम्ही उतरलो. कचेरीला तीन पायऱ्या. मी गाडा वर उचलून ठेवला आणि आबा माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी चढले. दाराला दोन फळ्या होत्या, त्यातली एकच कायम उघडी असे. मी घरचं दार मोजलं होतं, न्हाणीचा कोपरा मोजला होता, पण रोज ज्या दारातून आत जात होते ते मोजायचं मला सुचलं नव्हतं. गाडा त्या एका फळीत बसेना. एवढ्यात शिपाई स्टुलावरून उठून आला. नवा मुलगा होता, उद्धट नव्हता.

"आजोबा, हे हितंच पायरीपाशी ठिवा," तो म्हणाला. "आतल्या फरशीला आत्ताच पॉलिश केलंय. कुणी नेत न्हाई, मी हाय ना."

मी तोंड उघडलं, पण आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"बाळा," ते शांतपणे म्हणाले, "पायरीपाशी काठी ठिवत होतो मी. लई वर्सं ठिवली. ही काठी न्हाई. हे माजे पाय हायेत. पाय भायेर ठिवून आत कसा येऊ?"

शिपायानं माझ्याकडं पाहिलं. "दुसरी फळी उघडा," मी म्हटलं. कपाटं आत नेल्यापासून ती उघडली नव्हती, खालचा बोल्ट गंजून घट्ट झाला होता. त्यानं वाकून दोनदा ओढला, तिसऱ्यांदा बुटाची टाच मारली. दार पुरतं उघडलं आणि आबा निळा गाडा ढकलत मधोमध आत गेले. टायरच्या तुकड्यांचे दोन काळे पट्टे त्या पॉलिशच्या फरशीवर थेट माझ्या टेबलापर्यंत उमटले.

मी त्यांना खुर्ची दिली. मिस्त्रींनी बनवलेलीच ती. त्यांनी चहा घेतला, माझी शाईची पेनं हातात घेऊन बघितली, पाझर तलावाचा नकाशा समजून घेतला आणि भिंत कुठं कमकुवत राहील तेही सांगितलं. शनिवार असल्यानं कचेरी अर्धाच दिवस होती. दुपारी कारकून डबे उचलून निघाले, शिपाई खिडक्या लावू लागला. मी दप्तर आवरून उभी राहिले.

"आबा, निघायचं?"

"बसू दे जरा, माय," ते म्हणाले. "लई वर्सं भायेर उभा होतो."